हेदवीचा कातळ आणि बामणघळ: गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आईला कधी आणि कसं नेऊ?

अनघा_कोथरूड

नमस्कार मंडळी. आई ७१ वर्षांची आहे. तिचं माहेर दापोली तालुक्यातलं, हर्णैच्या बाजूचं. लग्नाआधी ओहोटीला खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या पसरट कातळावर जाऊन कालवं काढणाऱ्या बायकांबरोबर ती रोज असायची. पुण्यात आल्यावर समुद्राला गेली ती फक्त वाळूवर, तीही लग्नकार्याच्या निमित्ताने. गेल्या वर्षी तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता काठी घेऊन सपाटीवर अर्धा तास आरामात चालते. परवा सहज म्हणाली, "एकदा खडपावर पाय ठेवायचाय, मग काही नको." तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

तिच्या गावचं घर विकलं गेलं, आणि हर्णै बंदरात लिलावाच्या वेळी केवढी गर्दी असते ते तुम्हाला माहीत आहेच. मला पॅराग्लायडिंग, घोडागाडी, भुट्टे यातलं काही नको. शांत किनारा हवा, काळा कातळ हवा आणि वाळूपासून कातळापर्यंत फार चालावं लागू नये. गुहागर तालुक्यातलं हेदवी कुणीतरी सुचवलं. बामणघळ, म्हणजे लाटांचं पाणी कोंडून जिच्यातून वर उडतं ती कातळातली चीर, तीही तिथेच आहे म्हणे. माझी नऊ वर्षांची लेक बरोबर असेल. फेब्रुवारीतला एक शनिवार-रविवार ठरवलाय, कॅलेंडरवर त्या शनिवारी अष्टमी दिसते.

विचारायचं ते हे: घळ भरतीला बघायची की ओहोटीला? आईला कातळावर उतरवणं शक्य आहे का? आणि पायात काय घालायचं?

---

खडपावरची

अनघा, माझं माहेर हेदवीपासून दोन डोंगर पलीकडे. आता चिपळूणला असते, पण वर्षातून चार वेळा तरी त्या कातळावर पाय पडतो. तुझ्या आईचं वाक्य वाचून मी घरातली कामं बाजूला ठेवून लिहायला बसले.

पहिलं सांगणं, तारीख बदल. अष्टमीला भांग असतो. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. घळीत पाणी नुसतं डुचमळतं आणि ओहोटीलाही खडप पुरता उघडा पडत नाही. पुढच्या शनिवारी जा, त्या दिवशी पौर्णिमा येईल. पौर्णिमा-अमावास्येला आपल्या किनाऱ्यावर पूर्ण भरती सकाळी ११च्या आसपास असते आणि पूर्ण ओहोटी संध्याकाळी ५च्या आसपास. म्हणजे एकाच दिवसात तुझं सगळं होतं. घळ बघायची भरतीला, कातळ बघायचा ओहोटीला. मधले चार-पाच तास जेवण आणि आईची झोप.

घरात मोबाइल नव्हते तेव्हाचा हिशेब असा: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, जे येईल ते भरतीचं घड्याळ. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, द्वादशीला ९ वाजता. हा हिशेब मुंबई-अलिबागकडे जास्त जुळतो. आपण दक्षिणेला, त्यामुळे आपल्याकडे पाणी अर्ध्या-पाऊण तासाने आधी येतं. माझे आजोबा ओटीवर बसून बोटांच्या पेरांवर मोजायचे आणि आम्हाला सांगायचे, आत्ता जा किंवा आत्ता नका जाऊ.

आता जे मनापासून सांगायचंय ते. पाणी समोरून येतं असं सगळ्यांना वाटतं. कातळावर ते पाठीमागून येतं. खडप वाळूकडे उतरता नसतो. मध्ये ओघळी असतात, काही वीतभर रुंद, काही दोन हात. ओहोटीला त्या कोरड्या असतात, आपण सहज ओलांडून समुद्राच्या बाजूच्या उंच कातळावर जाऊन बसतो. भरती लागली की पाणी आधी त्या ओघळीतून आत शिरतं. आपण लाटांकडे बघत असतो, लाटा अजून लांब असतात, आणि परतीची वाट केव्हाच बुडालेली असते.

मी बारावीत असताना आम्ही तिघी मैत्रिणी अशाच बसलो होतो. अमावास्येची संध्याकाळ होती. खाली कालवं काढणाऱ्या एक आजी होत्या. त्यांनी टोपली डोक्यावर घेतली आणि जाता जाता हाक मारली, "बाय, पानी लागलाय. मागं फीर." आम्ही हो म्हटलं आणि बसून राहिलो. पंधरा मिनिटांनी उठलो तर येताना ज्या ओघळीवरून उडी मारली होती तिच्यात कमरेएवढं पाणी, आणि ते एका जागी उभं नव्हतं. आत येत होतं, मागे खेचत होतं. त्या आजी वाळूवर थांबल्या होत्या. आम्ही येत नाही हे बघून परत आल्या, खालच्या अंगाला जिथे ओघळ अरुंद होते तिथे उभ्या राहिल्या आणि एकेकीचा हात धरून आम्हाला घेतलं. माझ्या पोटरीवर कालवाच्या कडेने कापल्याची खूण अजून आहे. त्या आजींना मी नंतर नीट भेटलेही नाही, याचं आजही वाईट वाटतं.

म्हणून नियम एकच ठेव. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी उतरायचं आणि पूर्ण ओहोटी झाली की निघायचं. पाणी अजून लांब आहे, बसू की थोडं, असं म्हणायचं नाही.

आईला उतरवता येईल. उमामहेश्वराच्या देवळापाशी गाडी जाते, तिथून पुळणीवर, म्हणजे वाळूवर उतरता येतं. पुळणीच्या कडेला कातळ हळूहळू वर येतो, तिथे चढ नाही. पायात चप्पल नको, आणि अनवाणी तर अजिबात नको. मागे पट्टा असलेले पावसाळी प्लास्टिकचे सँडल घे, आईला आणि लेकीलाही. हिरवं शेवाळ दिसेल तिथे काठीही टेकायची नाही. करडा, खरखरीत, बारीक शिंपांचा थर असलेला कातळ पायाला धरतो. पडलं तर मात्र कापतो. कापलंच तर गोड्या पाण्याने भरपूर धुवायचं, शिंपेचा कण आत राहिला नाही ना ते बघायचं आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारायचं. कालवाची जखम वरून लहान दिसते आणि आतून चिघळते.

---

जयगडचा_दर्यावर्दी

ताईंनी बरोबर सांगितलं. दोन-तीन गोष्टी माझ्याकडून.

तिथीचा हिशेब अंदाजापुरता धरा. कधी कधी तो तासाभरानेही चुकतो. मोबाइलवर भरती-ओहोटीचा तक्ता मिळतो, त्यात रत्नागिरीची वेळ बघा, मुंबईची नको. मुंबईला मोठ्या उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं. आपल्या बाजूला त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. पण आपला खडप पसरट आहे, इथे हातभर पाणी चढलं तरी खूप जागा बुडते.

दुसरं, पाणी एका चालीने चढत नाही. ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात हललंय असं वाटतही नाही. तिसऱ्या आणि चौथ्या तासात सगळ्यात जोरात येतं, निम्मं पाणी त्या दोन तासांतच चढतं. पहिल्या तासाच्या शांततेवर विसंबून माणूस बसून राहतो.

तिसरं घळीबद्दल. फेब्रुवारीत फार मोठ्या फवाऱ्याची आशा ठेवू नका. पावसाळ्याच्या दिवसांत दुपारचं उधाण मोठं असतं, हिवाळ्यात रात्रीचं मोठं असतं आणि दिवसाचं कमी चढतं. त्यात थंडीत दर्या निवलेला असतो. मुलीला आधी सांगून ठेवा, म्हणजे हिरमुसणार नाही. तरीही आवाज ऐकण्यासारखा असतो. काळ्या कातळाला उभी चीर गेली आहे, लाटांनी ती पोखरत नेली. तोंडातून शिरलेलं पाणी पुढे चिंचोळ्या जागेत कोंडतं, वर जायला फक्त आकाश असतं. आधी जमिनीखालून घुमल्यासारखं ऐकू येतं, मग पाणी उडतं. जुलै-ऑगस्टमध्ये ते दोन-तीन पुरुष उंच जातं, पण तेव्हा तिथे लहान मूल घेऊन कुणी जाऊ नये.

उभं कुठे राहायचं ते कातळच सांगतो. गेल्यावर लगेच पुढे जायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं लांबून बघायचं. जेवढा कातळ ओला आहे तेवढी पाण्याची हद्द. तुम्ही कोरड्यात, तेही पाच-सहा पावलं मागे. कडेवर उभं राहून फोटो काढायला गेलेली माणसं आत पडली आहेत, आणि त्या चिरेतून माणूस बाहेर काढणं आम्हा दर्यावरच्या लोकांनाही जमत नाही.

तक्त्यात फक्त चंद्र-सूर्याचं पाणी असतं, लाटा नसतात. हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राचा अंदाज सांगणारं सरकारी केंद्र, उंच लाटांचा इशारा देतं. निघायच्या आदल्या दिवशी तो बघा. इशारा असेल तर देऊळ बघा, पुळणीवर फिरा आणि परत या. खडप पुढच्या पौर्णिमेलाही तिथेच आहे.

---

शिंपला_आणि_भिंग

मी प्राणिशास्त्र शिकवतो, विद्यार्थ्यांना घेऊन मुंबई आणि रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यांवर जातो. अनघाताई, तुमच्या मुलीसाठी लिहितो.

ओहोटीला कातळाच्या खळग्यांत पाणी साचून राहतं. त्यातला एकच खळगा निवडा, परातीएवढा, आणि त्याच्याजवळ दहा मिनिटं बसा. दहा खळगे धावत बघितले तर एकातही काही दिसत नाही. तुमची सावली पाण्यावर पडली की आतले सगळे दडतात. पाच वाजता सूर्य समुद्राच्या बाजूला खाली आलेला असेल, पाण्यावर चकाकी येते. म्हणून सूर्याकडे पाठ करा, पण आपली सावली खळग्यावर येणार नाही असं बाजूला बसा.

आधी शंख चालू लागेल. तो शंख मेलेल्या गोगलगायीचा आणि आत राहणारा संन्यासी खेकडा. याला स्वतःचं मागचं अंग झाकायला कवच नसतं, वाढला की मोठं घर शोधावं लागतं. किनाऱ्यावरचे रिकामे शंख आपण पिशवी भरून घरी नेतो तेव्हा त्याची घरं नेतो, हे मुलीला तिथेच दाखवा. मग कडेला समुद्रफूल दिसेल, नावाला फूल पण खरं तर प्राणी. उघडं असलं की फूल, मिटलं की ओल्या मातीचा गोळा, अंगावर शिंपांचे तुकडे चिकटवून बसलेला. तो पाण्याबाहेर पडल्यावर उन्हात सुकू नये म्हणून मिटतो. पाय ठेवण्याआधी बघा, कारण मिटलेला गोळा दगडच वाटतो.

दगड उलटला तर तसाच परत ठेवा. खालच्या अंगाला अंडी असतात, ती उन्हात तासाभरात जातात. शंकूसारखा, नक्षीदार, निमुळता शंख दिसला तर हात लावू नका. काही जातींना विषारी काटा असतो. आणि पोवळं, मग ते सुटा तुकडा का असेना, उचलू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याला पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे.

मुंबईतही २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबईची मंडळी लोकांना ओहोटीला किनाऱ्यावर नेऊन हेच दाखवतात. गिरगाव-हाजी अलीसारख्या ठिकाणी, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर पोवळी आणि समुद्रफुलं आहेत. पुण्यामुंबईच्या पोरांनी हे एकदा तरी गुडघ्यावर बसून बघावं असं मला फार वाटतं.

---

खडपावरची

एक राहिलं. पुण्याहून कुंभार्ली घाटाने चिपळूण, मग गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी. रस्ता वळणावळणाचा आहे. आईला घेऊन शनिवारी सकाळी निघून ११ची भरती गाठायचा विचार करू नकोस. शुक्रवारीच मुक्कामाला ये. घरगुती राहायची सोय आहे, पण जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. कालवं हवी असतील तर तेव्हाच सांग, कारण ती ओहोटी बघून काढावी लागतात.

---

अनघा_कोथरूड

जाऊन आलो. तुम्हा तिघांना आधी हात जोडून नमस्कार. तारीख बदलली नसती तर आम्ही काहीच न बघता परत आलो असतो.

तक्त्यात शनिवारी भरती ११:०५ ला आणि ओहोटी ५:१० ला होती. सकाळी घळीपाशी गेलो. दर्यावर्दीदादांनी सांगितलं तसं फवारा छोटाच होता, लेकीच्या उंचीएवढा. पण तो आवाज! लेकीने पोट धरलं आणि म्हणाली, "आई, माझ्या पोटात वाजलं." आम्ही ओल्याची हद्द शोधली आणि तिच्या मागे सहा पावलं उभ्या राहिलो. वीस मिनिटांत एक लाट अशी आली की ती हद्द आणखी दोन पावलं मागे सरकली. आम्ही कोरड्याच राहिलो.

साडेतीनला पुळणीवर उतरलो. वाळूत चालताना आईला कातळापेक्षा जास्त त्रास झाला. काठी रुतते, ती उपसायला गुडघ्यावर जोर येतो. ज्यांना पुढे असं कुणाला न्यायचं असेल त्यांनी पाण्याच्या कडेच्या ओल्या, घट्ट वाळूवरून चालवावं. थोडं लांब पडतं, पण पाय रुतत नाही. त्या ओल्या वाळूवर बारीक खेकड्यांनी मोहरीएवढ्या गोळ्या करून बिळाभोवती किरणांसारख्या मांडल्या होत्या. आई प्रत्येक मांडणीला वळसा घालून चालत होती.

कातळ सुरू झाला तिथे तिने माझा हात सोडला. मला भीती वाटली, पण बोलले नाही. ती पाय टाकायच्या आधी काठीचं टोक कातळावर ओढून बघत होती, खर्र आवाज आला तरच पाऊल. मला कुणी हे सांगितलं नव्हतं, आणि तिनेही ते चाळीस-पन्नास वर्षांत कधी बोलून दाखवलं नव्हतं. एका बसक्या कातळावर ती बसली, सँडल न काढता दोन्ही पाय खळग्यात सोडले, ऑपरेशनचाही.

सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आम्ही एकच खळगा धरला. पहिली पाच मिनिटं लेक कंटाळली. मग एक शंख उठून चालायला लागला. त्यानंतर तिला तिथून हलवणं कठीण झालं. समुद्रफूल आईने दाखवलं. तिने बोटाची सावली त्याच्यावर धरली, तेवढ्यानेच ते हळूच आत ओढलं गेलं आणि शिंपांचे कण लागलेला गोळा तेवढा उरला. लेकीने पिशवीत घेतलेले तीन शंख तिथेच सोडले. मी काही म्हटलं नव्हतं.

पाच वाजता मी मोबाइलवर गजर लावून ठेवला होता, तो वाजला, आम्ही आवराआवर सुरू केली. लेक आणखी पाच मिनिटं, आणखी पाच मिनिटं करत होती. आई शेजारच्या हातभर ओघळीकडे बघत बसली होती. तिच्या तळाशी लांब शेवाळाच्या झिपऱ्या होत्या, आम्ही आलो तेव्हापासून सगळ्या समुद्राकडे टोकं करून पडलेल्या. पाच-वीसच्या सुमारास त्या उभ्या राहिल्यासारख्या झाल्या, जरा डुलल्या आणि टोकं वाळूकडे वळली. पाणी वाढलेलं मला तरी दिसत नव्हतं. आई म्हणाली, "पाणी फिरलं. चला," आणि स्वतःच काठी टेकून उठली.

खडपावरचीताई, तुमची ओघळ मी शोधली. नक्की तीच का ते माहीत नाही, पण समुद्राकडच्या उंच कातळावर दोन मुलं आणि एक मुलगी बसली होती, पाठ आमच्याकडे करून. आईने तिथूनच त्यांना मोठ्याने हाक मारली. पहिल्या हाकेला त्यांनी हात हलवला. मग आई थांबून राहिली, ती पोरं उठून येईपर्यंत वाळूवर जायला तयार होईना. मीही दोनदा ओरडले, पाठीमागे बघा म्हणून. त्यांनी वळून ओघळीत पाणी शिरलेलं बघितलं आणि उठले. घोट्याएवढ्या पाण्यातून आले. तोपर्यंत आई काठीवर भार देऊन तिथेच उभी होती.

रात्री गुडघा थोडा सुजला, बर्फ लावला, सकाळी ठीक होता. कालवांचं सुकं मिळालं, आईने दोनदा वाढून घेतलं.

पुढे कुणी काठी वापरणाऱ्या माणसाला नेणार असाल तर काठीच्या टोकाचं रबरी बूच एक जादा घेऊन जा. आईचं एका चिरेत अडकून निसटलं आणि तिथून पुढे नुसता धातू कातळावर सरकत होता, म्हणून शेवटची वीस पावलं मला तिला धरून आणावं लागलं. बूच राखाडी रंगाचं आहे, देवळाकडून उतरल्यावर जो पहिला कातळ लागतो तिथल्या चिरेत, हात पोचेल इतक्या खोल. तुमच्यापैकी कुणी ओहोटीला गेलात आणि दिसलं तर काढून आणा, समुद्रात जायला नको.